टू थ्रोन्समधल्या डार्क प्रिन्सचा ताबा कशामुळं सुटतो? वाळूमुळं का त्याच्या स्वतःमुळंच?

वाळूघड्याळ_लातूर
मंडळी, प्रिन्स ऑफ पर्शियाचा टू थ्रोन्स २००५ चा गेम आहे, जुना आहे माहितंय पण मी सध्या तिसऱ्यांदा खेळलालो आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून विचारलालो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रिन्स कायलीनाला, म्हणजे काळाच्या सम्राज्ञीला घेऊन बॅबिलॉनला परत येतो तर शहर पेटलेलं, जुना शत्रू वजीर खंजिरानं कायलीनाला मारतो, काळाची वाळू (माणसाचा राक्षस करणारी) मोकळी सुटते आणि प्रिन्सच्या हातात रुतलेल्या त्या साखळीच्या जखमेतून ती त्याच्या अंगात शिरते. तिथून पुढं अधूनमधून तो काळा पडतो, अंगावर सोनेरी रेघा चमकायला लागतात, साखळी आसूडासारखी चालवतो आणि डोक्यात एक आवाज बोलायला लागतो. तो आवाज म्हणजे डार्क प्रिन्स. ताकद लई वाढते पण जीव सतत कमी कमी होत राहतो, वाळू मिळाली तर भरतो नाहीतर मेला. आणि पाण्यात पाय पडला की परत माणूस.

माझा प्रश्न हाच आहे की पाणीच का? आगीनं नाही, उजेडानं नाही, कुठल्या मंत्रानं नाही, साध्या पाण्यानं तो कसा काय शांत होतो? २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हाच मी हा गेम पहिल्यांदा पूर्ण केला. घरात नळ कोरडा, बाहेर टँकरची लाईन आणि स्क्रीनवर हा गडी जीव संपत आलेला असताना पाणी हुडकत पळलालाय. तो सीन मी आयुष्यात विसरणार नाही. तेव्हापासून मला वाटतं की ह्या गेममध्ये पाण्याला काहीतरी अर्थ आहे, नुसती लेव्हल संपवायची सोय म्हणून ठेवलेलं नाही.

दुसरं म्हणजे तो आवाज कुणाचा? वाळूचा स्वतःचा, का प्रिन्सच्याच मनात आधीपासून होता आणि वाळूनं त्याला नुसतं तोंड दिलं? तुमच्या थेअऱ्या सांगा.

पूर्णा_परभणी
भाऊ मला तर हे सरळ सरळ इन्फेक्शन वाटायलंय. ह्या तीन गेमच्या गोष्टीतला पहिला गेम आठवा, सँड्स ऑफ टाइम २००३ चा. वाळू सुटल्यावर राजवाड्यातले सगळे राक्षस झाले, खुद्द प्रिन्सचा बाप शरमान राजासुद्धा. वाचले कोण तर ज्यांच्याकडं काहीतरी राखण होती ते, प्रिन्सकडं खंजीर, वजिराकडं काठी आणि फराह राजकन्येच्या गळ्यात ते पदक. टू थ्रोन्समध्ये पण त्यानं वेळेवर खंजीर हातात घेतला म्हणून अर्ध्यावरच थांबलं, नाहीतर बाकीच्यांसारखाच झाला असता. म्हणजे तो अर्धवट राक्षस झालेला माणूस आहे, बास. जीव का कमी होतो तर वाळू त्याला आतून खायलीय म्हणून. ह्यात मन वगैरे कशाला आणायचं.

आणि पाण्याचं म्हणाल तर ते टू थ्रोन्सचं नवीन नाहीच. पहिल्या गेममध्ये तो पाणी पिऊन जीव भरायचा. वॉरियर विदिनमध्ये (२००४) तो डहाका (काळाचा राखणदार राक्षस) मागं लागायचा तेव्हा आपण पाण्याच्या पडद्यापलीकडं गेलो की सुटायचो, त्याला ते ओलांडता येत नव्हतं. आणि खरा शेवट पाहिजे असेल तर जीव वाढवायच्या ९ च्या ९ जागा शोधून पाण्याची तलवार मिळवावी लागते, त्याच तलवारीनं डहाका मरतो. टू थ्रोन्सची गोष्ट त्याच शेवटापासून पुढं चालू होते. म्हणजे तिन्ही गेममध्ये काळ आणि वाळू एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. हा नियम आधीपासूनचाच आहे.

वाळूघड्याळ_लातूर
डहाकाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! पण दादा नुसतं इन्फेक्शन असेल तर ते बोलतं कसं? बाकीचे राक्षस झालेले लोक काही असं माणसाशी वाद घालत बसत नाहीत. हा तर टोमणे मारतो, सल्ले देतो, प्रिन्स गावातल्या लोकांना मदत करायला गेला की चिडतो.

आराध्याची_लेक (बीड)
मला बोलायचंय ह्याच्यावर. मी हा गेम माझ्या मोठ्या भावाच्या मागं बसून बघितला, मग कॉलेजला असताना स्वतः खेळले.

आमच्याकडं घरात तुळजाभवानीचं आहे, आजी आराधी होती, तिच्या अंगात वारं यायचं. लहानपणापासून बघितलंय म्हणून सांगते, वारं येतं तेव्हा बाई जे बोलते ते सगळं देवीचंच असतं असं आमच्याकडं मानतात, पण मी थोडी मोठी झाले तेव्हा मला कळायला लागलं की त्यात तिचं स्वतःचं पण कितीतरी असतं. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं, सासूला न बोललेलं, नवऱ्याला न बोललेलं. एरवी आजी कुणापुढं आवाज चढवून बोलली नाही आणि वाऱ्यात मात्र आख्खी आळी गप्प बसून ऐकायची. नंतर कुणीतरी तांब्याभर पाणी पुढं करायचं, ती घोटभर प्यायची, तोंडावरून हात फिरवायची आणि उतरायचं. म्हणून प्रिन्स पहिल्यांदा पाण्यात पडून परत माणूस झाला तेव्हा मला जराही नवल वाटलं नव्हतं. आणि ती साखळी बघून मला पोतराजाचा कोरडा आठवायचा, दुसऱ्यावर उगारायचा आणि ओढायचा मात्र स्वतःच्याच अंगावर.

डार्क प्रिन्स मला तसाच वाटतो. वाळू बाहेरून आली हे खरंय पण बोलतो ते सगळं प्रिन्सचंच आहे. लोकांचं सोड, सूड घे, राज्य तुझं आहे, हे त्याला स्वतःला वाटतंच की. आधीच्या दोन गेममध्ये त्यानं काय केलं? बापाला मोठेपणा दाखवायचा म्हणून खंजीर चोरला, वाळू मोकळी केली, मग नशीब चुकवायला काळात मागं गेला, आणि त्यानं सगळं पुसलं म्हणूनच तर मेलेला वजीर परत जिवंत आहे! म्हणजे बॅबिलॉन पेटलं ते ह्याच्यामुळं. आणि हे तो कबूल करत नाही, प्रत्येक वेळी पुन्हा मागं जाऊन दुरुस्त करायला बघतो. जे कबूल केलेलं नाही तेच बोलायला लागतं.

पुरावा पाहिजे तर विहिरीचा भाग आठवा. वजीर त्याला खाली टाकून देतो, तो काळ्या रूपात अडकलेला असतो, आणि खाली खाली जाताना तो हळूहळू त्या आवाजाचं ऐकायचं बंद करतो. मग शेवटी बापाचं प्रेत दिसतं. तिथं तो गुडघ्यावर बसतो, चूक माझी आहे हे पहिल्यांदा मान्य करतो, बापाची तलवार उचलतो आणि परत माणूस होतो. पाण्यात न पडता! आणि त्यानंतर आख्ख्या गेममध्ये तो पुन्हा कधीच काळा होत नाही. नुसतं इन्फेक्शन असतं तर हे कसं झालं असतं दादा तुम्हीच सांगा. माझं म्हणणं आहे की तिथं पण पाणी आहेच, ते डोळ्यातलं आहे.

जिल्हा_धाराशिव_११
ताईचं पटलं. वॉरक्राफ्टमधल्या आर्थस राजपुत्राचं पण असंच की. लोक म्हणतात फ्रॉस्टमोर्न तलवारीनं त्याचा आत्मा खाल्ला म्हणून तो बिघडला, पण वॉरक्राफ्ट ३ मध्ये स्ट्रॅथहोमची माणसं त्यानं तलवार मिळायच्या आधीच कापली होती, तेव्हा तर तो शुद्धीवर होता. तलवार नंतर आली. फरक एवढाच की आर्थस पुढं स्वतःच्या बापाला मारतो आणि प्रिन्स बापाच्या प्रेताजवळ थांबतो.

पूर्णा_परभणी
विहिरीचं मान्य. त्यावर उत्तर नाही माझ्याकडं. पण मग वाळूचं काम काय राहिलं?

गोदाकाठ_नांदेड
उशिरा आलो. मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो त्यामुळं मला ह्या सगळ्यात १९८९ चा मूळ प्रिन्स ऑफ पर्शिया, पहिलावहिला गेम दिसायलाय, ॲपल टू कॉम्प्युटरवरचा, जॉर्डन मेकनरनं एकट्यानं बनवलेला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो डॉसवर खेळलाय. त्यात चौथ्या लेव्हलला एक आरसा वाटेत येतो, पळत येऊन त्यातून उडी मारली की आपलाच एक काळपट जोडीदार पलीकडून निघून जातो आणि आपला जीव खाली येतो. मग तोच पुढं आपल्या डोळ्यादेखत औषधाची बाटली पिऊन टाकतो, दार लावून आपल्याला खाली पाडतो.

हा जोडीदार जन्माला कसा आला माहितंय का? मेकनरला नवीन शत्रू घालायचा होता पण मशीनची मेमरी संपली होती, नवीन चित्रं ठेवायला जागाच नव्हती. मग त्यानं प्रिन्सचीच चित्रं घेतली, एक पिक्सेल सरकवून त्याच चित्रावर एक्स-ऑर मारली (म्हणजे दोन्हीत जिथं फरक आहे तेवढंच ठेवायचं) आणि ती चमकणारी सावली तयार झाली. म्हणजे ह्या मालिकेतला पहिला डार्क प्रिन्स शब्दशः प्रिन्सच्याच चित्रातून निघालाय, बाहेरून काहीच आणलं नाही. मी कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा त्या दिवशी दुसरं काही सुचलं नव्हतं मला.

आणि बाराव्या लेव्हलला तो समोर उभा राहतो. त्याला तलवार मारली की आपलाच जीव कमी होतो, मारून टाकलं की आपणच मेलो. मार्ग एकच, तलवार म्यानात घालायची आणि सरळ त्याच्याकडं चालत जायचं, मग दोघं एक होतात. ६० मिनिटांचं घड्याळ चालू असताना तलवार खाली करायचं सुचणं किती अवघड होतं ते ज्यानं स्वतः शोधलंय त्यालाच माहीत.

आता टू थ्रोन्सचा शेवट बघा. वजीर मेला, कायलीना परत दिसली, तिनं खंजीर घेतला, हातातली साखळी काढली, हात बरा केला. वाळू संपली. तरीपण डार्क प्रिन्स त्याला मनात ओढून नेतो! परभणीवाले भाऊ, वाळूचं काम तेवढंच होतं, त्या आरशासारखं. आरसा मागं राहिला तरी सावली चालतच राहते. आणि तिथं पण मारामारीनं काही होत नाही, शेवटी प्रिन्स लढायचं सोडतो आणि उजेडाकडं चालायला लागतो तेव्हाच सुटतो.

आराध्याची_लेक (बीड)
गोदाकाठ दादा, एक्स-ऑरचं वाचून अंगावर काटा आला. पण एक फरक आहे आणि तो मला सारखा टोचतो. १९८९ मध्ये तो सावलीला पोटात घेतो, दोघं एक होतात. टू थ्रोन्समध्ये मात्र तिच्याकडं पाठ फिरवून निघून जातो, डार्क प्रिन्स मागं ओरडत एकटा राहतो. मला पहिला शेवट जास्त खरा वाटतो. आजीचं वारं उतरायचं तेव्हा ते कुठं जात नव्हतं, तिच्यातच असायचं.

गोदाकाठ_नांदेड
हे खरंय ताई. मी ते पाठ फिरवणं म्हणजे स्वीकारच आहे असं धरून चाललो होतो, पण तसं दिसत नाही हे मान्य करायला पाहिजे.

वाळूघड्याळ_लातूर
मला वाटतं दोन्ही झालंय, फक्त वेगवेगळ्या जागी. पोटात घेणं विहिरीत झालं बापाजवळ, आणि जे उरलं होतं, ते राज्य पाहिजे, मुकुट पाहिजे म्हणणारं, ते शेवटी सोडलं. म्हणून तर मग तो जागा होतो तेव्हा फराह जवळ असते, ती विचारते माझं नाव तुला कसं माहीत आणि तो सँड्स ऑफ टाइमच्या सुरुवातीपासून सगळी गोष्ट सांगायला बसतो. आधी जे पुसत आला ते आता तोंडानं सांगतो.

पूर्णा_परभणी
माझ्याकडं विहिरीच्या आधीची सेव्ह फाईल आहे अजून. आज रात्री ती लेव्हल परत काढतो. खाली पडल्यापासून बापापर्यंत कुठं पाण्याचा थेंब तरी दाखवलाय का आणि तो नेमका कुठल्या वाक्याला माणूस होतो ते बघून उद्या इथंच लिहितो.