मदत हवी आहे: पणजोबांच्या बिल्ल्यावरची झिजलेली मोडी ओळ कशी वाचावी?

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात. देव्हाऱ्यातल्या डबीत पणजोबांची दोन पदकं आहेत, घरात त्यांना 'बिल्ले' म्हणतात. एक सरकारी, पहिल्या महायुद्धाचं, चांदीचं: पुढे पंचम जॉर्ज, मागे घोडेस्वार. त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि 110 मराठा पलटण इंग्रजीत ठोकलेली आहे, त्यामुळे त्याची अडचण नाही. ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत शहराच्या वेढ्यात अडकली होती. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली आणि कैदेत गेलेले कितीतरी जण परत आलेच नाहीत. 1922 मध्ये तीच मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली, म्हणजे माणगावकडचे व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे यांची.

प्रश्न आहे दुसऱ्या बिल्ल्याचा. हा गावाने दिलेला. जुन्या चांदीच्या रुपयाहून थोडा मोठा, वर कडी, एका बाजूला ढाल-तलवार. मागे बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, 'लढाईतील कामगिरीबद्दल' आणि 'शके 1841', म्हणजे 1919-20. त्याखाली देणाऱ्यांची ओळ आहे, ती मात्र हाताने कोरलेल्या मोडीत. सुरुवातीला 'समस्त' लागतं, शेवटी 'मुंबई' असावं. मधली पाच-सहा अक्षरं गेली आहेत, मोडीची वरची रेघ तेवढी सलग दिसते.

झिजली कारण माझी आजी दर दसऱ्याला चिंच आणि राखाडीने दोन्ही बिल्ले लख्ख घासून कोयत्या-विळ्यांसोबत पाटावर पुजायची. तिला कोण काय म्हणणार!

आजी सांगायची की मुंबईला गिरणीत कामाला असलेल्या, तिथल्या गावच्या सामायिक खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या चाकरमान्यांनी पगारातून वर्गणी काढून हा बिल्ला घडवला. आता शाळेत फलक लागणार आहे आणि वरची वाडी, खालची वाडी दोघीही म्हणतात की बिल्ला आमच्या माणसांनी दिला. मला कोणाला खोटं पाडायचं नाही. पण ज्यांनी पोटाला चिमटा काढून चांदी घेतली त्यांचं नाव चुकीचं लागू नये, एवढंच मनापासून वाटतं.

सोनार म्हणतो, पॉलिश करून देतो, अक्षरं उठून दिसतील. मी साफ नाही म्हटलं. उरलंसुरलं कोरीव काम बफिंगमध्ये जाईल अशी भीती वाटते. बरोबर केलं ना? अंधारात बाजूने टॉर्च मारून फोटो काढले, त्यात दोन अक्षरांच्या खाचा थोड्या उमटल्या. याहून चांगला, धातूला धक्का न लावणारा उपाय कोणी केला आहे का? त्या काळची हाताची मोडी वाचणारं कोणी इथे आहे का? आणि तुमच्या गावानेही पलटणीतून आलेल्यांना असे बिल्ले दिले असतील, तर त्यावर देणाऱ्यांचं नाव कसं घातलंय, वाडीचं की सगळ्या गावाचं?

मुंबईतल्या गावच्या खोलीत वर्गणीच्या जुन्या वह्या आहेत असं एका काकांनी कालच सांगितलं. पुढच्या रविवारी जाऊन बघणार आहे. त्याही मोडीतच असतील, म्हणून वाचणाऱ्याची गरज दुप्पट आहे. फोटो खाली टाकतोय, तिसरा सगळ्यात स्पष्ट आहे.