बर्न्स नाइटसाठी घरी हॅगिस करायचंय, मदत हवी आहे

आम्ही न्यू जर्सीत राहतो, नवरा मूळचा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा. २५ जानेवारीला बर्न्स नाइटला (स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनाची मेजवानी) सासू-सासरे इथेच असणारेत आणि त्यांना हॅगिस (मेंढीची कलेजी, दिल, फुप्फुस आणि ओट्सचं मिश्रण जठरात भरून शिजवलेला स्कॉटिश पदार्थ) खाऊ घालायची माझी फार इच्छा आहे. पण अमेरिकेत मेंढीचं फुप्फुस खाण्यात वापरायला १९७१ पासून बंदी आहे, म्हणून तिकडचं अस्सल हॅगिस इथे येतच नाही. मग कलेजी, दिल, चरबी, कांदा, भरपूर मिरपूड आणि स्टील कट ओट्स (जाडसर तुकडे केलेले ओट्स) एवढ्यावर भागेल ना? ओट्स आधी कोरडे भाजायचे का, आणि मेंढीच्या जठराऐवजी भांड्यात वाफवलं तर मिश्रण मोकळं राहतं की गच्च होतं? सोबतचं रुटाबागा (सलगमसारखा कंद) आणि बटाट्याचं मॅश मला छान जमतं. कुणी केलं असेल तर प्रमाणासकट सांगा प्लीज!