विषय: हासनच्या बातम्या आणि आईची कोविडची लस

मंडळी, नमस्कार.

आई बेळगावजवळ येळ्ळूरला एकटी असते. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हार्टअटॅकने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या बघून फार घाबरली आहे. "इंजेक्शन घेतलेली माणसंच पडालेत म्हणे. अंगातनं ते काढून टाकायचं औषध मिळतंय काय रे?" असं काल फोनवर विचारत होती. त्यात कुणीतरी तिला फायझरच्या लशीने हृदयाला सूज येते हा व्हिडिओ दाखवला. ताई, तुम्ही औषधशास्त्रातल्या. तिला काय सांगू?

दादा,

आधी आईंचं प्रमाणपत्र काढून लशीचं नाव बघा. आपल्याकडे बहुतेकांना कोविशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन मिळाली. फायझर, मॉडर्ना आपण इकडे परदेशात घेतल्या, भारताच्या मोहिमेत त्या नव्हत्याच. ती सूज खरी आहे, पण विरळ, आणि जास्त करून तरुण मुलांत, डोसनंतर थोड्याच दिवसांत दिसते. आईंचा तिच्याशी संबंध नाही.

पुण्यात बनलेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझीचा सर्दीचा विषाणू असतो, पण शरीरात वाढू शकणार नाही असा केलेला. तो कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाचा, म्हणजे विषाणूवरच्या काट्यांचा, आराखडा पेशींपर्यंत नेतो. पेशी काही काळ ते प्रथिन बनवतात आणि शरीर त्याला ओळखायला शिकतं. फायझरमध्ये हाच आराखडा एमआरएनएच्या (पेशींना प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूच्या) रूपात, चरबीच्या सूक्ष्म कणांतून जातो. कोव्हॅक्सिनची रीत जुनी, त्यात अख्खा विषाणू रसायनाने मारून टोचतात. तिच्या पहिल्या चाचण्यांत बेळगावचं एक हॉस्पिटलही होतं, हे आईंना जरूर सांगा.

काढून टाकायचं म्हणाल, तर 2021 च्या डोसमधलं काढण्यासारखं आता काही नाही. राहते ती प्रतिकारशक्तीची आठवण, आणि तीही ओसरते म्हणून तर बूस्टर द्यावे लागले.

कोविशील्डचा एक दुष्परिणाम मात्र त्यांच्यापासून लपवू नका. प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होतात. अगदी क्वचित, आणि डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. चार वर्षांनी नव्हे. हासनच्या मृत्यूंबाबत राज्य सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीलाही लशीशी संबंध आढळला नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये छापला. त्यातही लशीने धोका वाढलेला दिसला नाही. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या कोविडमुळे पूर्वी ॲडमिट झालेलं असणं, घराण्यात असे मृत्यू, अति दारू.

मला काळजी वेगळीच वाटते. आईंना बीपी आहे ना? गोळ्या चालू आहेत का, ते विचारा.

ताई,

प्रमाणपत्रावर कोविशील्डच आहे, दोन्ही डोस. आणि गोळ्या तिने पंधरवडा झाला बंद केल्यात, "आधीच अंगात औषध, त्यात आणि कशाला" म्हणून! शेजारच्या वहिनी उद्या तिला दवाखान्यात नेऊन बीपी बघून घेणार आहेत. तुमची मेल वाचून दाखवायला त्यांनाच सांगितलंय.