मदत हवी आहे: क्रँक पुली कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी,

गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१८ ची, २ लिटर टर्बो पेट्रोल. मुक्काम रत्नागिरी. क्रँक पुलीचं, म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बसून बेल्ट फिरवणाऱ्या चाकाचं, मधलं रबर तडकलंय. बाहेरची रिम किंचित लंगडत फिरते, इंजिन चालू ठेवून नुसतं बघितलं तरी कळतं. बदलायची तर आहेच, मग आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीची नसलेली) घ्यावी म्हणतोय.

गॅरेजवाले दादा म्हणतात, हलकी अ‍ॅल्युमिनियमची टाका, पिकअप सुधारेल. मला पटत नाही. ते रबर शोभेला नसतं, क्रँकशाफ्टला बसणारे पिळाचे हादरे तेच गिळतं. अखंड अ‍ॅल्युमिनियमची पुली लावली की तो मार शाफ्टवर आणि बेअरिंगांवर. त्यामुळे डॅम्पर (हादरे गिळणारा भाग) असलेलीच हवी. लहान व्यासाची अंडरड्राइव्हही नको. अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसर हळू फिरणार, आणि मे महिन्यात आंबा घाटात ट्रकमागे रांगताना एसी मेला तर घरचे मला दरीत ढकलतील.

किनाऱ्यालगत कोणी अशी पुली वापरली आहे का? खारी हवा, वर चार महिने पाऊस. अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर) टिकतं, की स्टीलच्या बोल्टभोवती पांढरी भुकटी धरते? एसएफआय १८.१ (अशा डॅम्परसाठीचं सुरक्षा मानक) मानांकन आहे का, एवढं विक्रेत्याला विचारलंय. बेल्टच्या खाचांचं मशीनिंग सोडून हातात आल्यावर आणखी काय तपासता?

क्रँकचा बोल्ट नवाच आणतोय, जुना परत आवळायचा नसतो. पण पुली धरून ठेवायचं खास टूल असलेलं गॅरेज चिपळूण ते कणकवली पट्ट्यात कुणाला माहीत आहे का? नसेल तर टो करून कोल्हापूरला नेतो.