गाडीतला पोर्टेबल फ्रीज मधेच बंद पडतो, आईचं इन्सुलिन असतं त्यात. सल्ला हवा

नमस्कार मंडळी. ४० लिटरचा, कॉम्प्रेसरवाला, १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज दोन वर्षं वापरतोय. आई महिनाभर मालवणला राहायला जाते, तेव्हा इन्सुलिनचा साठा पुण्याहून त्यातूनच नेतो. यावेळी कोल्हापूर सोडलं आणि पडद्यावर ‘ई१’ आलं. कॉम्प्रेसर दोन सेकंद घुरघुरतो आणि थांबतो. घरी अ‍ॅडॉप्टरवर मात्र रात्रभर ४ अंश धरून ठेवतो. मेकॅनिक म्हणतो गॅस भरावा लागेल. भरू का? पुढच्या आठवड्यात आईला पुन्हा न्यायचंय.

प्रतिसाद १
गॅस अजिबात भरू नका. घरी ४ अंशांवर टिकतोय म्हणजे गॅसही आहे आणि कॉम्प्रेसरही ठीक आहे. बऱ्याच मॉडेलांत ‘ई१’ म्हणजे व्होल्टेज कमी. तुमच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट ओढतो आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज खाली बसतं. म्हणून मल्टिमीटर फ्रीजच्या टोकाला लावा आणि कॉम्प्रेसर उठतानाचा आकडा बघा. फ्रीज थांबलेला असताना मोजलंत तर सगळं ठीकच दिसेल.
डिकीतल्या सॉकेटची वायर बहुधा बारीक असते. ०.७५ स्क्वेअर एमएमच्या वायरने जाऊन-येऊन ८ मीटर अंतर असेल, तर ५ अँपिअरला जवळजवळ १ व्होल्ट वायरीतच जातो. २.५ ची असेल तर ०.३ च्या आसपास. सगळा फरक तिथे पडतो.

प्रतिसाद २
बॅटरी प्रोटेक्शन (गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून व्होल्टेज कमी झालं की फ्रीज बंद करणारी सेटिंग; एच, एम, एल म्हणजे हाय, मीडियम, लो) ‘एच’वर आहे का? त्यावर फ्रीज सगळ्यात लवकर बंद होतो. इंजिन चालू असताना ‘एम’ किंवा ‘एल’ ठेवा, पण जेवायला थांबलात की आठवणीने परत ‘एच’ करा, नाहीतर गाडी स्टार्ट होणार नाही. आणि फ्रीजच्या जाळीला बॅगा टेकवू नका. गरम हवा कोंडली की कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, त्याचा कोड वेगळा येतो.

प्रतिसाद ३
इन्सुलिनबद्दल कळकळीने सांगते, माझ्या वडिलांनाही लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे आपल्याला माहीत असतं, पण गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं, हे बरेच जण विसरतात. या फ्रीजची भिंतच थंड होते, त्यामुळे पडद्यावर ३ असलं तरी भिंतीला टेकलेली बाटली गोठू शकते. ५ वर सेट करा, बाटल्या टॉवेलात गुंडाळून डब्यात घालून मधोमध ठेवा आणि आत एक वेगळा थर्मामीटर टाका. आदल्या रात्रीच घरच्या विजेवर थंड करून घ्या.

धागाकर्ता
मोजलं! इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१, फ्रीजच्या टोकाला १३.५, आणि कॉम्प्रेसर उठताना १०.८. प्लग काढला तर त्याची पिन काळी पडलेली, सॉकेटही ढिलं. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून थेट ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढून घेतली, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज टाकला. आता उठतानाही १३ च्या वर राहतं. काल साताऱ्यापर्यंत जाऊन आलो, एकदाही बंद पडला नाही. टॉवेलाची सूचनाही अमलात आणतोय, खूप आभार.

प्रतिसाद ४
माझा छोटा थर्मोइलेक्ट्रिक आहे, कॉम्प्रेसर नाही. नागपूरला मे महिन्यात २५ च्या खाली जात नाही. वायर बदलून फायदा होईल?

प्रतिसाद १
नाही. तो बिघडलेला नाही. त्या प्रकारचा फ्रीज बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५-२० अंशच खाली नेतो. बाहेर ४५ असेल तर आत २५ हेच त्याचं चांगलं काम. पाण्याच्या बाटल्यांना चालेल, इन्सुलिनला नको.