मेजर चार्ल्स मँट आणि कोल्हापूरच्या सार्वजनिक इमारती

करवीरकन्या :

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका शाळेत इतिहास शिकवते आणि यंदा नववीच्या मुलांना शहरातील जुन्या इमारती प्रत्यक्ष दाखवण्याचा विचार आहे. टाउन हॉल, थोरला दवाखाना (म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सीपीआर) आणि न्यू पॅलेस या तिन्हींचे आराखडे मेजर चार्ल्स मँट यांचे आहेत, असे सांगितले की मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "बडोद्याचा राजवाडा कोसळेल या भीतीने ज्यांनी जीव दिला, तेच का हे?" एका माणसाची सारी ओळख या एका गोष्टीपुरती उरावी, हे मला फार खटकते. लष्करातला माणूस इमारतींकडे कसा वळला, कोल्हापुरात त्याला एवढे काम का मिळाले आणि मुलांना त्या भिंतींसमोर उभे करून नेमके काय दाखवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचगंगाकाठ :

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या काळच्या कारभारातच सापडतात. मँट हे लष्करी अभियंते होते, आणि त्या काळी सरकारी बांधकामाचा बराचसा भार अशा अभियंत्यांवरच असे. छावणीची बराक, पूल, शाळा, कचेरी, जे समोर येईल ते ते बांधत, त्यामुळे सैन्यातून वास्तुकलेकडे येणे ही तेव्हा रुळलेली वाट होती.

कोल्हापूरपुरते पाहायचे, तर छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे अगदी तरुण वयात निवर्तले. त्यांच्यामागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन असल्याने संस्थानचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला, आणि त्याच काळात शहरात सार्वजनिक बांधकामांना जोर आला. टाउन हॉल १८७२ ते १८७६ या वर्षांत उभा राहिला. त्यामागोमाग इस्पितळ आले. इंग्लंडच्या युवराजांवरून त्याला आल्बर्ट एडवर्ड हे नाव मिळाले, पण गावाने त्याला थोरला दवाखानाच म्हटले. न्यू पॅलेसचे काम १८७७ च्या सुमारास सुरू होऊन १८८४ मध्ये पुरे झाले आणि त्यावर सुमारे ७ लाख रुपये खर्च झाल्याचे सांगतात. ज्यांच्या कारकिर्दीत तो सुरू झाला, ते शिवाजी महाराज डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला नजरकैदेत असताना वारले. वाडा पुरा झाला त्या १८८४ सालीच शाहू महाराज दत्तक आले. ही दोन सालं मुलांना एकत्र सांगावीत, म्हणजे त्या इमारतीमागची माणसे त्यांना दिसू लागतील.

एक गोष्ट आवर्जून सांगा. फ्लॉरेन्समध्ये राजाराम महाराजांच्या दहनस्थळाजवळ १८७४ मध्ये जी स्मारक-छत्री उभारली गेली, तिचा आराखडाही मँट यांचाच आहे. आतला अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराने घडवला. पुढे जवळच नदीवर पूल झाला, त्याला तिथले लोक आजही 'इंडियानो' म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात. आपल्या राजाची छत्री परक्या मातीत, आणि तीही आपल्या टाउन हॉलचा आराखडा करणाऱ्याच्या हातची, हे मुले विसरणार नाहीत.

घडीव दगड :

काय दाखवावे, याविषयी माझे मत सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या बांधकामाचा व्यवसाय असल्याने मी इमारतीकडे आधी दगड म्हणून पाहतो.

सुरुवात टाउन हॉलपासूनच करावी. तेथे टोकदार कमानी, निमुळती शिखरे, तीव्र उताराची छपरे असा युरोपातील गॉथिक चर्चचा घाट आहे, पण अंगाला दगड मात्र आपला, काळा. मुलांना भिंतीवरून हात फिरवू द्या. हा पाषाण कठीण असतो, त्यावर बारीक नक्षी काढायला वालुकाश्मापेक्षा कितीतरी अधिक कष्ट पडतात, आणि तरीही धारा नेमक्या निघालेल्या आहेत, हे येथील पाथरवटांचे कसब आहे. कागदावरची रेघ मँट यांची असली, तरी दगडातली रेघ या पाथरवटांची आहे, हे वर्गात सांगितलेच पाहिजे.

त्यानंतर थेट न्यू पॅलेसला जावे. दगड तोच काळा, पण भाषा पार बदललेली आहे : घुमट, छत्र्या, महिरपी, जैन आणि राजस्थानी धर्तीची नक्षी, आणि या सगळ्यांमध्ये अष्टकोनी घड्याळाचा मनोरा. एकाच माणसाने काही वर्षांत परक्या घाटाकडून देशी घाटाकडे केलेला हा प्रवास एका दुपारी पायी पाहता येतो, असे शहर क्वचितच असेल. माझ्या मते न्यू पॅलेसमधली सरमिसळ सर्वच ठिकाणी जमलेली नाही. टाउन हॉल लहान असूनही मला अधिक एकजीव वाटतो. मुलांनाही आपले मत बनवू द्या.

बडोदेकर :

मी बडोद्यात वाढलो, त्यामुळे ती दंतकथा लहानपणापासून ऐकत आलो आहे. सयाजीराव गायकवाडांसाठी मँट यांनी लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा केला, पण काम चालू असतानाच १८८१ मध्ये, चाळिशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले. राजवाडा रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पुरा केला. गणित चुकल्याच्या भीतीने मँट यांनी जीव दिला, ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते, परंतु ती ऐकीव गोष्ट म्हणूनच सांगावी. राजवाडा सव्वाशेहून अधिक वर्षे ठामपणे उभा आहे, एवढे मात्र कोणीही जाऊन पाहू शकतो.

त्याच सुमारास अजमेरच्या मेयो कॉलेजची संगमरवरी इमारत आणि दरभंग्याचा आनंदबाग राजवाडा यांचे आराखडेही त्यांच्या हातून झाले होते. मेयोची इमारत १८८५ मध्ये पुरी झाली. बडोदा, अजमेर आणि आपला न्यू पॅलेस, या तिन्हींपैकी एकही पुरी झालेली पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. मुलांनी त्यांच्या मृत्यूविषयी विचारले, तर मी त्यांना हे सांगेन.

करवीरकन्या :

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. टाउन हॉल आणि थोरला दवाखाना समोरासमोर असल्याने फेरी तेथूनच सुरू करीन. टाउन हॉलमध्ये आता वस्तुसंग्रहालय आहे, तेव्हा इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्तीही मुलांना पाहता येईल. 'घडीव दगड' यांना एक विनंती : भिंतीवरची टाकीची (छिन्नीची) खूण कशी ओळखायची, हे दाखवायला आपण त्या दिवशी मुलांबरोबर येऊ शकाल का?