आजीचं साल अन् कोतवाल बुक

आमच्या गावाबद्दल (तालुका आर्वी) छापील असं काही नाही. देवळावर शिलालेख नाही, गढीची निम्मी पांढरी माती लोकांनी घरं सारवायला नेली. म्हणून आजीलाच विचारायला बसलो. ती म्हणे, "साल-बिल मले नाही माहीत. मानमोडी आली तवा मामाजी पाळण्यात होते." मामाजी म्हणजे तिचे सासरे, अन् मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. तहसिलीत जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मरणाची नोंदवही, निघालं. बाळाचं नाव नाही, नुसतं बापाचं नाव अन् पुढं "मुलगा", पण साल बरोबर. मग सहज पुढची पानं उलटली. ऑक्टोबरमध्ये मरणाच्या कारणाखाली ताप, ताप, मग कारकुनाचा हात दुखला असावा, नुसतं सदर, सदर, सदर. त्यात आमच्याच घरच्या दोन पोरी होत्या. त्यांच्याबद्दल घरात कोणी कधी बोललं नव्हतं.

जात पडताळणीसाठी आपल्याकडं निम्म्या घरांनी ही बुकं चाळलीत, पण आपल्या आजोबाची ओळ सापडली की पुढचं पान कोणी उलटत नाही.

तुमच्याकडं काय निघालं? खोटं निघालं असेल तर तेही सांगा.

कारंजा

खोटं म्हणता, तर घ्या. मोठ्या मामाच्या लग्नाचं वऱ्हाड शकुंतलेनं, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेगाडीनं, मूर्तिजापूरला गेलं, इंजिनातून ठिणगी उडाली अन् मामेआजीच्या शालूला भोक पडलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. शालू ट्रंकेत आहे, भोकासकट. मी यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनीच्या आठवणी गोळा करत होतो, म्हणून लग्नाची पत्रिका शोधली. मे १९९५. अन् वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं १९९४ च्या एप्रिलात! घरात दोन दिवस भांडण. शेवटी मामेआजीच म्हणाली, "भोक खरं हाय रे, लगन दुसरं असन." खूप खोदल्यावर निघालं की ती दारव्ह्याला बहिणीच्या लग्नाला गेली होती, पोरवयात, तेव्हाचं ते भोक. त्या बहिणीशी पुढं बोलणं तुटलं. मग तिच्या लग्नातली ठिणगी मुलाच्या लग्नात कशी आली, हे मी विचारलं नाही.

आणखी एक. आमचे म्हातारे तिला शकुंतला म्हणतच नसत. "कंपनीची गाडी" म्हणत. लाइन विलायती कंपनीची, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट ठाऊक होतं.

भंडारा जिल्हा

आम्ही मालगुजाराच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळी गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, घरचे. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आता त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी. "आपल्या आजोबांनी तलाव बांधला" हे घरचं वाक्य. मी ते लिहून काढलं अन् गावात वाचून दाखवलं. मागून एक आजोबा म्हणाले, "बांधला म्हणजे, बाबू, पाळीवर माती कोणं टाकली?" त्यांच्या पणजीनं टोपलीनं माती वाहिली होती. पाळ एकदा फुटली तेव्हा तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाजवळ, कोण दबलं, हेही त्यांना नावानिशी पाठ. आमच्या घरात पाळ फुटल्याचंच माहीत नव्हतं.

चिमूरजवळचं गाव

थोडक्यात लिहिते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी, चिमूरच्या उठावाचा दिवस. आजी तो दिवस सगळा सांगायची, घोषणा, आग, कोण पळालं, सगळं. पुढं फौज आली तिथं थांबायची अन् म्हणायची, "झालं मग." गांधीजींचे सहकारी भन्साळी यांनी बायकांवरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी ६३ दिवस उपोषण केलं, हे मी मोठेपणी वाचलं. तोवर आजी गेली होती. ती असती तरी विचारलं नसतं.

बुलडाणा

साल विचारूच नका, बैलजोडी विचारा! आमचे बाबा सांगू शकत नाहीत विहीर कधी खोदली, पण "तवा ढवळ्या-पवळ्याची जोडी होती" हे लगेच. एक जोडी आठ-दहा वर्षं चालते. आमच्या घरी १९७२ च्या दुष्काळात जोडी विकली, लाल मिलो खाल्ली, हे पक्कं. तिथून मागं-पुढं जोड्या मोजत गेलो तर विहीर, नवं घर, आत्याचं लग्न, सगळं बसलं.

आर्वी, पुन्हा मीच

वरचं वाचून आज सकाळी आजीला जोड्या विचारल्या. चार धडाधड सांगितल्या, कोण मारका, कोण पाण्यात बसायचा यासकट. पाचवीपाशी अडली, म्हणून शेजारच्या आबाजीला हाक मारली. ते म्हणतात, ती जोडी तुमची नव्हतीच, आमची होती, तुमच्याकडं सावडीला, म्हणजे कामाच्या अदलाबदलीला, यायची. आजीनं सुपातले दाणे खाली ठेवलेत अन् ती आता ओट्यावर गेली आहे.